बोंडूची चव कुणी विचारतच नाही

मंडळी, काजूचा हंगाम ऐन भरात आहे, त्यामुळे लिहायला वेळ नाही. पण गेल्या रविवारचं डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

दोडामार्गाच्या पलीकडे गोव्यात एका ओळखीच्या भट्टीवर गेलो होतो. आपल्या गावातले बोंडू टेम्पोवाला उचलतो आणि त्यातले बरेचसे तिथेच जातात. म्हटलं, आपल्या मालाचं पुढे काय होतं ते एकदा बघून तरी येऊ. भट्टीवाला म्हातारा, सत्तरी ओलांडलेला. त्याने तीन ग्लासांत बोटबोटभर ओतून दिलं आणि बजावलं, "पयलीं नाकाक लाय, मागीर जिबेक."

पहिल्या ग्लासात हुर्राक होता, त्याच्या स्वतःच्या बागेतल्या बोंडूंचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोंडू चिरडून, दाबून जो रस निघतो तो दोनतीन दिवस आपोआप आंबतो. यीस्ट वगैरे काही घालत नाहीत. तो आंबलेला रस भाणात एकदा उकळून जे थेंब थेंब येतं तो हुर्राक. त्यात ताजा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा उकळलं की फेणी. हुर्राक सौम्य, पण टिकत नाही. मार्च ते मे एवढंच त्याचं आयुष्य. फेणी मात्र कडक, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं.

तर त्या हुर्राकाचा वास नाकात गेला आणि मी सरळ आमच्या परड्यात पोचलो. सकाळी साडेसहाला पिवळा बोंडू फोडल्यावर जो वास येतो ना, गोड आणि थोडा उग्र, हुबेहूब तो. जिभेवर आधी फळ, मग हलका तुरटपणा, शेवटी घशात थोडी ऊब. मी काही रोजचा पिणारा नाही, त्यामुळे शब्द अपुरे पडतायत. पण चांगलं होतं, एवढं नक्की कळलं.

दुसरा ग्लासही हुर्राकच, पण 'भायल्या' मालाचा. म्हणजे आपला. वास आंबूस, व्हिनेगरच्या बाजूला झुकलेला. जिभेवर फळ कुठेच नाही, घसा मात्र खवखवला. त्याच भट्टीवर, त्याच भाणात, त्याच माणसाने काढलेला! मी काही बोललो नाही. म्हाताराही बोलला नाही, फक्त मिशीत हसला. खरं सांगतो, लाज वाटली.

कारण मला ठाऊक आहे आपण काय करतो. आपलं सगळं लक्ष बीवर. बी पिरगळून काढायची, बोंडू झाडाखालीच ढीग करून टाकायचे. दोन दिवसांनी टेम्पो येणार म्हटल्यावर तेच माती लागलेले, माश्या बसलेले, अर्धे सडलेले बोंडू डब्यात भरायचे. पावसाची सर येऊन गेली तर पाणी धरलेले पण त्यातच. म्हातारा स्वतःच्या बागेत काय करतो? झाडावरून तोडत नाही, पिकून पडलेलाच उचलतो, पण रोज सकाळी उचलतो आणि त्याच दिवशी चिरडतो. फरक एवढाच. यंत्र नाही, औषध नाही.

तिसरा ग्लास फेणीचा, गेल्या वर्षीची, काचेच्या मोठ्या बुधल्यात ठेवलेली. फेणीच्या वासाला नाकं मुरडणारे पुष्कळ, आमच्या घरातही आहेत. मला विचाराल तर तो वास हीच तिची खूण. म्हाताऱ्याने दोन थेंब तळहातावर चोळायला लावले. दारूचा वास उडून गेला तरी बोंडूचा मागे राहिला. साखर-गूळ घालून ओढलेल्या मालात हे राहत नाही म्हणे. घरी आणलेली एक स्वस्तातली बाटली होती, तिच्यावर करून बघितलं. हात नुसता कोरडा झाला, बाकी काही नाही.

आता मुद्द्यावर येतो. बीचा भाव दरवर्षी व्यापारी सांगेल तो, आपण ओरडतो आणि शेवटी घालतो. पण एका बीमागे तिच्या सहा-आठ पट वजनाचा बोंडू असतो, आणि त्याबद्दल आपण कधी तोंड उघडत नाही. गोव्याने काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन घेतलं. तिथे भट्टीला परवाना आहे, गावोगावच्या काजू विभागांचा सरकारी लिलाव होतो. इकडे मधली रेघ ओलांडली की तीच भट्टी हातभट्टी होते आणि पोलीस येतात. बोंडू तोच, हवा तीच. नाशिकच्या द्राक्षांसाठी २००१ मध्ये वाईनचं धोरण आलं. काजूबोंडू आणि मोहाच्या दारूला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचं २०२२ मध्ये मंत्रिमंडळात ठरलं, पेपरात वाचून आम्ही टाळ्याही वाजवल्या. आमच्या वाडीत अजून तरी फक्त टेम्पोच येतो.

आमची वहिनी बचत गटात आहे, तिचं मत वेगळं. "भट्टी वाडीत इली तर पयलो ग्लास कोण घेतलो ता माका म्हायत असा," म्हणाली. तिच्या माहेरी दारूने काय केलंय ते मी बघितलंय, त्यामुळे मी वाद घातला नाही. गावात भट्टी लागावी असं मलाही ठामपणे म्हणता येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बोंडूच्या सरबताची पद्धत आहे, ते वहिनीच्या गटाला करायचंय. मी म्हटलं करा, बोंडू माझे. पण सरबतालाही ताजाच बोंडू लागतो, सडलेला तिथेही चालत नाही. आणि आमच्या अख्ख्या वाडीचे बोंडू सरबतात संपतील असंही मला वाटत नाही. बाकीचे गोव्याला जाणारच आहेत, तर कचरा म्हणून का जावेत?

ज्याला आपण कचरा म्हणून देतो, त्याला समोरचा कचऱ्याचाच भाव देणार. व्यापाऱ्याला शिव्या घालण्याआधी मला वाटतं प्रत्येक काजूवाल्याने एकदा तो दुसरा ग्लास हुंगून बघावा. प्यायची गरज नाही, हुंगला तरी पुरे.

मी सोमवारपासून वेंगुर्ला-४ ची वरच्या अंगाची वीस झाडं वेगळी काढलीत. झाडाखालचा पाला झाडून घेतला, सकाळी सातच्या आत वेचणी, डबा सावलीत, वर ओलं गोणपाट. टेम्पोवाल्याला सांगितलं हा डबा वेगळा, याचा भाव वेगळा. तो हसला. "भाऊ, बोंडू तो बोंडू," म्हणाला. मग मी म्हाताऱ्यालाच फोन लावला. तो म्हणाला, शनिवारी चार डबे घेऊन ये, चाखून सांगतो.

शनिवारी जाऊन आलो की लिहितो. तोवर अवकाळी नको येऊ दे.