पावसातले पाणपक्षी आणि कॅमेरा

दिवाळीनंतर परदेशी बदकांचे थवे उतरले म्हणजे पक्षिनिरीक्षणाचा हंगाम सुरू होतो आणि ते परतले म्हणजे संपतो, हा समज आपल्याकडे इतका दृढमूल झाला आहे की, आषाढ-श्रावणात झड लागलेली असता भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांच्या पाळीवर दुर्बीण घेऊन फारसे कोणी फिरकत नाही. वस्तुतः याच मुलखात बारमाही नांदणाऱ्या पाणपक्ष्यांच्या विणीचे हेच दिवस होत. धानाच्या बांधीत पाणी साचले म्हणजे सारसाची जोडी घरटे रचू लागते. लांब शेपटीचा कमळपक्षी मानेवर सोनेरी झाक असलेला आपला विणीचा पेहराव याच काळात धारण करतो, आणि मादी अंडी घालून निघून गेल्यावर ती उबवण्यापासून पिले सांभाळण्यापर्यंतचा सारा भार एकटा नर वाहतो. छायाचित्रकारालाही अभ्राच्छादित आकाश प्रतिकूल नसते, कारण कडक उन्हात निव्वळ पांढरा डाग होऊन बसणाऱ्या बगळ्याच्या पिसांतील सूक्ष्म रेषा त्या सौम्य, समप्रमाण प्रकाशात स्पष्ट उमटतात. म्हणून पावसात अवश्य जावे, असेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तथापि घरट्याजवळ जाऊ नये. नवजात पिलांची लव भिजली की त्यांच्या देहातील ऊब टिकत नाही, आणि पालक पक्षी त्यांना पंखांखाली घेतो तो याच कारणाने; अशा समयी माणसाच्या चाहुलीने तो उडाला आणि माणूस तेथून हलेपर्यंत परतू शकला नाही, तर एका सुंदर चित्रापायी ती पिले गारठून मरू शकतात. टिबुकली घरटे सोडताना अंडी पाणवनस्पतींनी झाकते. पण घाईने बुडी मारावी लागली तर तेवढीही सवड तिला मिळत नाही व अंडी कावळ्यांच्या नजरेस उघडी पडतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येतच समाविष्ट केले आहे, याची जाणीव कॅमेरा बाळगणाऱ्यांपैकी किती जणांना असेल?

सबब, वृत्तपत्रांनी आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी घरट्यालगतची छायाचित्रे, ती कितीही देखणी असोत, स्वीकारूच नयेत. आणि सारस पाहू इच्छिणाऱ्याने बांधीच्या मालकाची अनुमती घेतल्यावाचून धुऱ्यावर पाऊल ठेवू नये, कारण त्या घरट्यापायी धानाचे नुकसान सोसायचे ते त्यालाच.