परसाविना परसबाग

आठवड्याच्या बाजारातून परतणाऱ्या खेडुतांच्या पिशव्यांत आता अळूची जुडी, शेवग्याच्या शेंगा आणि कढीलिंबही दिसू लागला आहे. पूर्वी या वस्तू शेजारणीच्या परसातून मागून आणीत. त्या विकत घेणे कोणाच्या मनातही येत नसे. धान्य पिकविणाऱ्या खेड्याने भाजीसाठी तालुक्याच्या बाजाराकडे पाहावे, हा बदल वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचे परिणाम थेट ताटापर्यंत पोहोचतात.

जुने परस ही कोणाची हौस नव्हती; ती एक व्यवस्था होती. न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला, चुलीतली राख वांग्यावरील किडीसाठी, कुंपणावर घोसाळी, मांडवावर घेवडा. पुढील वर्षाचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवलेले. हा सारा कारभार घरातील स्त्री पाहत असे. त्या श्रमाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नव्हती, म्हणूनच त्याचे मोलही कोणाला उमगले नाही.

आज ते उमगण्याची वेळ आली आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रासलेली आहेत. या व्याधीची कारणे अनेक आहेत. केवळ वाफाभर माठाने ती नाहीशी होईल, असे कोणी म्हणणार नाही. तथापि हात आखडला की भाजीला प्रथम कात्री लागते आणि उरलेल्या भाजीत गृहिणीचा वाटा शेवटचा असतो, हे कोणत्या घराला ठाऊक नाही?

शासनाला या प्रश्नाची जाणीव नाही, असे नव्हे. शाळांतील पोषण बागांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात बचत गटांमार्फतही परसबागांचा प्रचार झाला. हेतू स्तुत्य आहे. परंतु मे महिन्याच्या सुटीत पाणी कोणी घालावयाचे, हे ठरविल्यावाचून शाळेत वाफे आखले, तर जूनमध्ये काटक्या आणि अहवालातील छायाचित्रेच शिल्लक राहतात. शिक्षकाच्या माथी मात्र आणखी एक नोंदवही येते.

मूळ अडचण जागेची आहे. गावठाणे दाटली, भूमिहीनांच्या वस्तीत परस पूर्वीही क्वचितच होते. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले, पण घरामागच्या चार वाफ्यांचा विचार त्या आराखड्यात नाही. ज्याला परस नाही त्याला परसबागेचे महत्त्व पटवून देणे, हा उपदेश झाला, योजना नव्हे. अशा वस्त्यांसाठी ग्रामपंचायतीने सार्वजनिक जागेतील वाफे वाटून द्यावेत.

पाण्याचे गणित तितके कठीण नाही. जलजीवन मोहिमेने २०१९ मध्ये माणशी दररोज ५५ लिटरांचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे पाच माणसांच्या घरास २७५ लिटर. नळाला इतके पाणी खरोखरच आले, तर त्यातील बरेचसे वापरून सांडणारच. ते गटारात डास पोसण्याऐवजी केळीच्या आळ्यात जावे, एवढी व्यवस्था अवघड नाही. बियाण्याचा मार्ग तर अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखविलाच आहे. देशी वाणांच्या जतनाबद्दल २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा सत्कार करून आपण थांबलो. गावोगावी बियांची देवघेव सुरू करणे हाच त्या कार्याचा खरा गौरव होय.

मजुरीवरून दमून येणाऱ्या स्त्रीवर हे आणखी एक ओझे ठरेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून परसातील खुरपे आणि पाण्याची घागर घरातील पुरुषाच्या व मुलांच्याही हाती आली पाहिजे. तसे न झाल्यास नव्या परसबागेतही जुनाच अन्याय रुजेल.

परसबागांच्या स्पर्धा भरवाव्यात, बक्षिसेही द्यावीत. पण त्याआधी घराला परस, परसाला पाणी आणि कामाला वाटेकरी मिळावा. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?