दंड कोळ्याला, नफा दलालाला

दर १ जानेवारीला कोरेगाव भीमाला विजयस्तंभास अभिवादन करायला आलेला आपला समाज भीमेच्या काठी उभा असतो. हे पाणी उजनीत अडते, पुढे कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. समुद्र इतका दूर. म्हणून शार्क माशांच्या संरक्षणाचा विषय काढला की कार्यकर्ते विचारतात, याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध ताटाचा आहे. शार्क म्हणजे आपली मुशी, मोरी. पाकट तिचीच भाऊबंद. मटण ज्यांना परवडत नव्हते, त्या देशावरच्या वस्त्यांत आठवडी बाजारातली सुकी मासळीच भाकरीसोबत आली. खारवलेली मुशी तिच्यातलीच.

२०२१ च्या जागतिक मूल्यमापनात शार्क आणि पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आढळल्या. मुख्य कारण अतिमासेमारी. यातल्या बऱ्याच जाती उशिरा वयात येतात, पिल्लेही थोडीच देतात. तारली-बांगड्यासारखी त्यांची तूट लवकर भरून निघत नाही. तेव्हा संरक्षण हवेच, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

शंका आहे ती भार कोणी वाहायचा याविषयी. मे २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, ते योग्यच झाले. पण जुलैत दिल्लीने एका फटक्यात सगळ्याच शार्क-पाकटांवर बंदी आणली. किनाऱ्यावर ओरड झाली आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. ज्यांच्या पोटावर कायदा चालवायचा त्यांनाच न विचारण्याची ही खोड आपल्या लोकांना नवी नाही! २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी पुन्हा वाढवली आहे.

आता आकडे पाहा. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केल्यास किमान तीन वर्षे तुरुंग आणि दंड किमान २५ हजार रुपये. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणलेल्या योजनेत, जाळे कापून असा प्राणी सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई जास्तीत जास्त २५ हजार. दंड जिथून सुरू होतो तिथे भरपाई संपते. तीही छायाचित्राचा पुरावा दिल्यावर; म्हणजे हलत्या होडीत एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात मोबाईल. तरी ही योजना चांगली आहे. तिच्यामुळे व्हेल शार्क आणि कासवे सुटली आहेत.

मुशीच्या परांचा व्यापार मात्र कोळ्याच्या ताटासाठी कधीच नव्हता. ते पर पूर्व आशियातल्या मेजवान्यांच्या सुपासाठी गेले आणि नफा निर्यातदारांच्या गल्ल्यात पडला. ही निर्यात बंद व्हायला २०१५ उजाडले. समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात पाकट आणि मुशीची पिल्ले आजही सरसकट येतात. कायद्याने आधी तिकडे वळावे. भरपाईची मर्यादा जाळ्याच्या आजच्या किमतीशी जोडावी. ससून डॉकपासून मालवणपर्यंत प्रत्येक बंदरावर संरक्षित जातींची चित्रे कोळ्यांच्या बोलीतल्या नावांसह लावावीत, आणि ती नावे मासळी विकणाऱ्या बायांना विचारून घ्यावीत.