पोरगा गावचा, पैसा गावचा, कटती कंपनीची!



२०१७ ची कर्जमाफी आठवा. अर्ज ऑनलाइनच भरा, असे फर्मान निघाले. यावल असो की साक्री, ते अर्ज भरले कोणी? ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या आपल्याच पोरांनी. जन्माचा दाखला, घरपट्टीचा उतारा तीच काढून देतात.

सरकारदरबारी त्यांचे नाव 'संगणक परिचालक'. काम सरकारचे, पण नोकरी सरकारी नाही. २०११ मध्ये 'संग्राम' योजना आली, २०१६ मध्ये पाटी बदलून 'आपले सरकार सेवा केंद्र' झाली. तेव्हा ठरले काय? ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून कंपनीला महिन्याला १२,३३१ रुपये मोजायचे. पोराच्या हाती सहा हजार! बाकीचे कागद, शाई, प्रशिक्षणाच्या नावाने वळते.

कापसाच्या मापात व्यापारी कटती लावतो. तो निदान शेकड्यात दोन-चार कापतो. इथे निम्मेच कापले!

२०२४ मध्ये तीन हजारांची वाढ जाहीर झाली. पण मानधन म्हणजे पगार नव्हे. मंत्रालयात संगणकावर बसणारा नोकर, आणि गावात बसणारा वेठबिगार?

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या : पद शासनाचे, पगार थेट खात्यात, मधला दलाल बाद!