पाठ्यपुस्तकाची कात्री कोणाच्या हाती?

लोकनियुक्त सरकारनेच अभ्यासक्रम ठरवावा, असे अनेकजण म्हणतात. शाळा करांच्या पैशावर चालतात, म्हणून निधी, शिक्षकभरती, माध्यमभाषा यांचे धोरण सरकारचेच, हे मान्य. पण सजीवांची उत्क्रांती झाली की नाही, याचा निकाल मतपेटी देत नाही. शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून विरोध केला. कोविडनंतरचा भार हलका करायचा होता आणि बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे उत्तर मिळाले. दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्यांना, आणि शाळाच सोडणाऱ्यांना, त्या बारावीचा काय उपयोग? त्यांच्यासाठी दहावी हीच शेवटची संधी होती.

‘पूर्वीच्या सरकारांनीही हेच केले’ हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे, आणि म्हणूनच माझी बाजू भक्कम करतो. जनता सरकारच्या काळात इतिहासकार रामशरण शर्मांचे प्राचीन भारतावरील पुस्तक मागे घेतले गेले. २०१२ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकार असताना अकरावीच्या राज्यशास्त्रातील आंबेडकरांवरच्या जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, सरकारने माघार घेतली; त्या पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. दलित समाजाचे दुखावलेपण खोटे नव्हते. पण त्याचे उत्तर अभ्यासकांशी मोकळ्या चर्चेत होते. २०२३ मध्ये याच दोघांनी, काटछाटीनंतरच्या पुस्तकांतून आपली नावे काढा, असे एनसीईआरटीला कळवले. मधल्या काळात पक्ष बदलला होता, कात्री तीच होती.

दोष संस्थेच्या घडणीत आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली एनसीईआरटी ही नोंदणीकृत सोसायटी, आणि तिचे अध्यक्षपद पदसिद्ध केंद्रीय शिक्षणमंत्र्यांकडे. मंत्र्याला नको असलेला परिच्छेद टिकवण्याचे बळ तिथल्या अभ्यासकाला कुठून येणार? स्वायत्तता दिली तर लेखकच मनमानी करतील, ही भीती रास्त आहे. मंत्र्याऐवजी प्राध्यापकांची मक्तेदारी मलाही नको. म्हणून संसदेने कायदा करून संस्थेला स्वतंत्र दर्जा द्यावा, आणि त्यातच लिहावे की प्रत्येक वगळणुकीची कारणे प्रसिद्ध होतील, लेखकांचे म्हणणे त्यांच्याशेजारी छापले जाईल, आणि शिक्षकांना आक्षेप नोंदवायला मुदत मिळेल.