फुटलेला टायर आणि देवाची करणी

ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खाली कोसळली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. भरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे गेला आणि सुमारे सव्वा कोटी रुपये मंजूर झाले. विमा कंपनी अपिलात गेली. तिचा एक मुद्दा असा, की टायर फुटणे ही देवाची करणी आहे, त्यात चालकाचा निष्काळजीपणा कुठून आला? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. जी. डिगे यांनी हा मुद्दा फेटाळला. देवाची करणी म्हणजे ज्याला कोणीही माणूस जबाबदार नाही अशी अनपेक्षित नैसर्गिक घटना. टायर फुटतो तो अतिवेगाने, हवा कमी किंवा जास्त असल्याने, जुना वापरलेला टायर चढवल्याने किंवा तापल्याने. आणि निघण्याआधी टायरची अवस्था पाहणे हे चालकाचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. विम्याच्या तंट्यातला निकाल म्हणून त्याची चर्चा दोन दिवसांत संपली. मात्र ‘टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य आपण बातम्यांत इतक्या वेळा वाचतो, की त्यापुढे प्रश्न विचारायचे सोडून दिले आहे. टायर का फुटला, तो किती जुना होता, शेवटची हवा कधी तपासली होती, हे बातमीत नसते आणि पंचनाम्यातही क्वचितच. माझे म्हणणे एवढेच, की बहुतेक टायर अचानक फुटत नाहीत. आपण ते कित्येक महिने हळूहळू फोडत आणलेले असतात.

चारचाकी रस्त्याला टेकते ती चार जागी, आणि प्रत्येक जागा तळहाताहून फार मोठी नसते. टनभराची गाडी, चार-पाच माणसे, डिकीतले सामान, ब्रेकचा आणि वळणाचा सगळा जोर या एवढ्याशा जागेवर येतो. वजन पेलते ती मुख्यतः आतली दाबलेली हवा. रबर आणि पोलादी तारा त्या हवेला कोंडून आकारात ठेवतात. हवा कमी पडली की टायरची बाजूची भिंत दर फेऱ्याला गरजेपेक्षा जास्त वाकते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १२० किलोमीटरला साध्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे अठरा फेरे घेते. लोखंडी तार मागेपुढे वाकवत राहिलो की ती बोटांना चटका देते, तसेच इथे चालते; फक्त रबर उष्णता बाहेर सोडायला फार आळशी असते, म्हणून ती आतच साठते. मग तारांचा पट्टा आणि रबर यांची पकड ढिली होत जाते. एखाद्या दुपारी भर वेगात सगळे एकदम फाटते. आवाज स्फोटाचा होतो, म्हणून आत हवा जास्त झाली असावी असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा ती कमीच असते.

या गैरसमजातूनच एक सल्ला दर उन्हाळ्यात फिरतो, की हवा तापून फुगते, तेव्हा टायरमध्ये ती चार आकडे कमी ठेवा. हिशोब करून पाहू. तीस अंश तापमानाला ३३ पीएसआय हवा भरलेला टायर धावता धावता सत्तर अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब ३९ च्या आसपास जातो. धडधाकट टायरला त्याने काहीही होत नाही, कारण कंपनीने हा फुगवटा गृहीत धरूनच गार टायरचा आकडा ठरवलेला असतो. हवा कमी भरून निघालेला टायर मात्र जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो. म्हणजे ज्या उष्णतेच्या भीतीने हवा काढली, ती वाढवण्याचीच सोय आपण केली. वाटेत थांबून तापलेल्या टायरमधून हवा सोडणारेही आहेत. टायर गार झाल्यावर त्यांच्याकडे आणखी कमी हवा उरते. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरच्या भिंतीवर ४४ किंवा ५१ असा आकडा कोरलेला असतो ती कमाल मर्यादा, ती भरायची हवा नव्हे. नायट्रोजनचे प्रस्थही असेच वाढलेले आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन किंचित सावकाश झिरपतो, तापल्यावर मात्र साध्या हवेसारखाच फुगतो. ‘नायट्रोजन भरलाय, आता सहा महिने बघायला नको’ ही समजूत मात्र महागात पडू शकते.

समृद्धी महामार्गाने हा प्रश्न आपल्या दारात आणला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत सगळे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. मोटारींना इथे ताशी १२० ची परवानगी आहे. गावातल्या गावात, सिग्नलवर थांबत ताशी चाळीसने फिरणारी गाडी २६ पीएसआय हवेवर वर्षानुवर्षे तक्रार न करता चालते. तिच्या टायरची परीक्षा कधी झालेलीच नसते. तीच गाडी मे महिन्यात विदर्भाच्या ४५ अंशांत, तापलेल्या काँक्रीटवर, चार तास न थांबता, लग्नाचे वऱ्हाड आणि आहेराच्या पेट्या भरून १२० ने पळवली की सगळी थकबाकी एकदम वसूल होते. पहिल्याच उन्हाळ्यात परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी पथके उभी करून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. त्यावर लोक चिडले. रस्ता बांधला आणि वर जाऊ देत नाहीत, हा सूर होता. खरे तर अपघात झाल्यावर नव्हे, आधी टायर पाहण्याची ही आपल्याकडची दुर्मीळ वेळ होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि सरकारी अहवाल त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग सांगतो. समृद्धीवरच्या अपघातांबाबत नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासात सरळ, एकसुरी रस्त्यावर येणाऱ्या गुंगीकडे बोट दाखवले गेले. मग टायरचे एवढे कौतुक कशाला? कारण वेग आणि टायर या दोन वेगळ्या रांगा नाहीत. टायरची उष्णता वेगासोबत वाढते. म्हणजे खराब टायर हा वेगाची शिक्षा आणखी कडक करतो. गुंगीत असलेल्या माणसाने दचकून ब्रेक मारला तर गाडी किती अंतरात थांबेल, हेही त्याच चार तळहातांवर ठरते. शिवाय अपघाताच्या नोंदीत एकच कारण लिहायचे असते, आणि वेग हे लिहायला सर्वांत सोपे कारण आहे. टायर फाडून आत पाहायला तज्ज्ञ लागतो.

रस्ते वाईट, त्यात आमचा काय दोष, हा दुसरा आक्षेप. यातले अर्धे मान्य करायलाच हवे. खड्ड्यात आदळून रिम आणि टायर यांच्यात चेपली गेलेली भिंत आतून तुटते, त्याचे उत्तर रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेने दिले पाहिजे. मात्र आत तुटलेला धागा बाहेरून दिसतो. भिंतीवर गोळीएवढा किंवा लिंबाएवढा फुगवटा येतो आणि असा टायर ताबडतोब काढायचा असतो. तो दिसूनही ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणणारा मालक आणि खड्डा न बुजवणारा अभियंता यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. त्यातही हवा कमी असलेला टायर त्याच खड्ड्यात जास्त चेपला जातो.

आपण गाडीची काळजी घेत नाही असे मुळीच नाही. सोसायट्यांत रोज पहाटे बादली आणि फडके घेऊन गाड्या पुसणारी माणसे येतात. काचेवर एक पाखरू बसलेले आपल्याला खपत नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार चढतो, नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडले जाते. चाकाकडे वर्षातून एवढेच लक्ष. उरलेल्या दिवसांत त्याच्या वाट्याला येते ते काळे चकाकणारे पॉलिश. हे पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर सांडले तर टायर निसरडा होतो. खनिज तेलावर बनलेली स्वस्त पॉलिशे रबराला कोरडे पाडतात. आणि भिंतीवर पडलेल्या बारीक भेगा त्या चकाकीखाली झाकल्या जातात, हे सर्वांत वाईट. गाडी धुणे ही खरे तर तपासणीची सर्वांत सोयीची वेळ आहे. साध्या साबणाच्या पाण्याने चिखल निघाला की रुतलेला खिळा, एका बाजूने जास्त झालेली झीज, फुगवटा, भेगा हे सगळे उघडे पडते. स्टिअरिंग पूर्ण वळवले तर पुढच्या चाकांची आतली बाजूही दिसते, जिथे अलाइनमेंट बिघडल्याची खूण आधी उमटते. टायरच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरले, आणि मोटारीसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. कोकणातल्या पावसात तर त्याच्या बरेच आधी टायर बदलावा, कारण पाणी बाहेर फेकायला खाच उरली नाही की चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नक्षी दहा वर्षांनीही नवी दिसते, रबर मात्र म्हातारे झालेले असते. डिकीतली स्टेपनी या बाबतीत सर्वांत फसवी.

पैशाचा मुद्दाही आहे. चार टायर एकदम बदलणे हा पगारदाराला आणि टॅक्सीवाल्याला खरोखर जड जाणारा खर्च आहे, आणि जुने टायर विकत घेणारे हौसेने घेत नाहीत. पण दुर्लक्षाचा मोठा भाग हा खर्चाचा नाहीच. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, काही शे रुपयांत स्वतःचा गेज येतो, आणि कमी हवेचा टायर लवकर झिजून इंधनही जास्त पितो. हवा न पाहण्याने गरिबाचे पैसे वाचत नाहीत, आणखी जातात.

सगळे मालकाच्या शहाणपणावर सोडावे, असे मात्र मला वाटत नाही. अमेरिकेतही ते सोडलेले नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनला ६५ लाख टायर परत घ्यावे लागले. ते बहुतेक फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते आणि भर वेगात त्यांचे रबर सोलून निघत होते. तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने २७१ मृत्यूंचा या टायरशी संबंध जोडला. टायरची रचना सदोष की फोर्डने सुचवलेला २६ पीएसआय दाब कमी, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या. पण त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. आपल्याकडे २०२० मध्ये या यंत्रणेचा उल्लेख नियमांत आला तो वेगळ्याच कारणाने: ती असेल, टायर ट्यूबलेस असतील आणि पंक्चरचे किट दिले असेल, तर कंपनीने स्टेपनी नाही दिली तरी चालेल. म्हणजे सुरक्षेचे साधन आपण जागा वाचवण्याची सवलत म्हणून आणले.

तपासणीची गोष्ट तर आणखी विचित्र. टॅक्सी आणि ट्रक यांना ठरावीक काळाने फिटनेस दाखवावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिचे ब्रेक किंवा टायर सरकारचा कोणी माणूस पाहत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी; जपान आणि जर्मनीत तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी. आपण मात्र तिच्या धुराची परीक्षा नियमाने घेतो. म्हणून माझी सूचना साधी आहे: पीयूसी करताना चारही टायरच्या नक्षीची खोली, हवेचा दाब आणि बनावटीचा आठवडा नोंदवला जावा, आणि १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या गाडीला प्रमाणपत्र मिळू नये. यावर लगेच कोणी म्हणेल, की पीयूसीच पैसे टाकून मिळते, तर टायरची नोंद कोण खरी करणार? शंका रास्त आहे. पण धुराचा आकडा मालकाला समजत नाही, टायरचा समजतो. पावतीवर ‘मागचा डावा, १.२ मिलिमीटर’ असे छापून आले तर तो खोटा की खरा हे वाकून पाहता येते. आणि कोणी पैसे देऊन तो १.८ करून घेतलाच, तरी अपघातानंतर विमा कंपनी आणि न्यायालय यांच्यापुढे तीच पावती त्याच्या आणि केंद्रचालकाच्या विरोधात उभी राहील. नवीन कार्यालय, नवीन रांग काहीच लागत नाही. पीयूसीचे यंत्र बहुतेक ठिकाणी पंपावरच असते आणि हवेची नळी त्याच्यापासून चार पावलांवर.