एका पानावर सहा चेहरे



मागच्या अंकात आपण पासवर्ड कसे जपावेत ते पाहिलं. या वेळी विषय तसा साधा आहे: वेगवेगळे फोटो एकाच कागदावर कसे छापायचे? हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. मीही "सोपं आहे हो, पाच मिनिटांचं काम" असं सांगून मोकळा होत असे. यंदा हे काम घरातच आलं आणि पाच मिनिटांचे तीन आठवडे झाले!

झालं असं. माझं आजोळ इंदूरचं. आजी आता ८६ वर्षांची आहे, मामा-मामींकडे असते. गेली दोन वर्षं तिला विसरायला होतंय. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग जेवण झालं की नाही ते. दिवाळीत आई वडोदऱ्याहून तिला भेटायला गेली, तर आजीने तिला पाट दिला, फराळाची ताटली पुढे सरकवली आणि अगदी आदबीने विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?"

आईने परत आल्यावर हे हसत हसत सांगितलं. पण सांगून झाल्यावर बराच वेळ ती स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत राहिली.

पुढच्या आठवड्यात मामीचा फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? आपल्या सगळ्यांचे फोटो एका कागदावर घेऊन खाली मोठ्या अक्षरांत नावं टाकून दे. आईंच्या पलंगासमोर लावते. रोज बघितलं तर राहील लक्षात."

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

पहिला प्रयत्न आळशीपणाचा. विंडोजमध्ये एक सोय आहे. हवे ते फोटो एकदम निवडायचे, उजवं बटण दाबायचं, 'प्रिंट' म्हणायचं. मग उजव्या बाजूला पानावर किती फोटो हवेत त्याच्या तयार मांडण्या दिसतात. घाईच्या वेळी ही सोय खरंच चांगली आहे. पण तिथे खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम' अशी एक चौकट असते आणि तिच्यावर आधीच बरोबरची खूण असते. त्यामुळे चौकट पूर्ण भरावी म्हणून फोटोच्या कडा कापल्या जातात. मामाच्या लग्नातल्या फोटोत धाकटी मावशी अगदी कडेला उभी होती. छापल्यावर तिचा फक्त एक खांदा उरला! ही खूण काढली की फोटो पूर्ण येतो, मात्र भोवती पांढरी पट्टी राहते. शिवाय प्रत्येक फोटोखाली नाव लिहायची सोय तिथे नाही. म्हणून जिम्प उघडलं.

जिम्प हे चित्रांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर. १९९५ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. आज ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतं. उतरवून घेताना त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

दुसऱ्या प्रयत्नात मी उत्साहाने बारा जण घेतले. आई, मामा, मावश्या, आम्ही सगळी नातवंडं आणि आजोबा. प्रत्येक फोटो ५० मिलिमीटरचा चौकोन, एका ओळीत तीन, अशा चार ओळी. फाइल मामीला पाठवली, तिने ती कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली. दुकानातल्या मुलाने 'फिट टू पेज' ठेवलं असणार, कारण सगळं आणखी आकसून आलं. नावं तर मुंग्यांसारखी दिसत होती. वर कागद चकचकीत, त्यामुळे खिडकीचा उजेड नेमका चेहऱ्यांवर पडायचा.

संध्याकाळी मामीचा फोन आला. "अरे, आई एकाच फोटोवर बोट ठेवून बसल्या होत्या. तुझ्या आजोबांच्या. बाकीच्यांकडे बघून म्हणाल्या, ही मंडळी कोण?"

आजोबांचा तो फोटो त्यांच्या कचेरीच्या जुन्या ओळखपत्रावरचा होता. पस्तिशीतले आजोबा, काळे केस, कडक कॉलर. बाकी सगळे फोटो मी मोबाईलमधून घेतलेले, गेल्या दोन-तीन वर्षांतले. म्हणजे आजीच्या आठवणीतून जी वर्षं आधी पुसली गेली, नेमक्या त्याच वर्षांचे चेहरे मी तिच्यापुढे ठेवले होते.

तेव्हा कुठे मला कळलं की फोटो कोणाला, किती अंतरावरून आणि कशासाठी दाखवायचे आहेत ते आधी ठरवायला हवं होतं. सॉफ्टवेअर त्यानंतर उघडायचं.

तिसऱ्या वेळी मी आधी पट्टी, पेन्सिल आणि कोरा कागद घेऊन बसलो. तुम्हीही तसंच करा. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. बारा जण नकोत, सहाच पुरे. आडवे दोन, उभे तीन. प्रत्येक फोटो ७० मिलिमीटरचा चौकोन. रुंदीचा हिशेब असा: २५ समास, ७० फोटो, २० मोकळी जागा, ७० फोटो, २५ समास, बेरीज २१०. उंचीचा हिशेब: वर १५ समास, मग ७० फोटो आणि त्याखाली नावासाठी २४, असं तीनदा, बेरीज २९७. घरातले बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, काही मिलिमीटर सोडतातच. त्यामुळे समास हवाच.

(हाच हिशेब न केल्याने आणखी एक गंमत होते. चार बाय सहा इंचांचे चार फोटो ए-४ वर बसतील असं सगळ्यांना वाटतं. रुंदीत ते बसतात, पण उंचीत दोन फोटोंचे १२ इंच म्हणजे जवळजवळ ३०५ मिलिमीटर होतात आणि कागद आहे २९७. आमच्या इथले फोटोवाले काका म्हणतात तसं, "भाई, ए-फोर मां चार नहीं आवे!")

आता पिक्सेल. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणून ७० मिलिमीटरला साधारण ८२७ पिक्सेल लागतात आणि पूर्ण ए-४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. आजोबांचा मूळ फोटो पासपोर्ट आकाराचा, ३५ मिलिमीटर रुंद. तो दुप्पट मोठा करायचा, म्हणून स्कॅनही दुप्पट, म्हणजे ६०० वर केला. आधी कमी पिक्सेलमध्ये घेऊन नंतर ताणला, तर चेहरा पुसट होतो. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, मोबाईल फोटोला समांतर धरून फोटो काढा. आणि असे फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आकार लहान होऊन येतो.

पुढची कृती क्रमाने:

१. प्रत्येक फोटो जिम्पमध्ये वेगवेगळा उघडा. क्रॉपचं साधन घ्या, 'फिक्स्ड' वर खूण करून प्रमाण १:१ लिहा. आता कसाही ओढला तरी चौकोनच राहील. चेहरा मधोमध घेऊन कापा.

२. 'इमेज' मध्ये 'स्केल इमेज' घेऊन ८२७ बाय ८२७ करा. तिथे दोन आकड्यांच्या शेजारी साखळीचं छोटं चित्र असतं. साखळी जोडलेली असू द्या. ती तुटली की रुंदी आणि उंची वेगवेगळी बदलते आणि सडपातळ माणूसही गुबगुबीत दिसतो.

३. 'एक्स्पोर्ट ॲज' वापरून नव्या नावाने जतन करा. मूळ फोटोवर कधीही काही जतन करू नका.

४. 'फाइल', 'न्यू' मध्ये ए-४, ३०० चा साचा निवडून कोरं पान घ्या. खालच्या पट्टीत एकक मिलिमीटर करा. आता वरच्या आणि डावीकडच्या मोजपट्टीवरून माउसने ओढलं की मार्गदर्शक रेघा येतात. आडव्या अंतरासाठी २५, ९५, ११५, १८५ आणि उभ्या अंतरासाठी १५, ८५, १०९, १७९, २०३, २७३ वर रेघा ठेवा. या रेघा छापल्या जात नाहीत.

५. 'फाइल', 'ओपन ॲज लेयर्स' मधून सहाही फोटो एकदम आणा. ते एकावर एक येतात, घाबरू नका. हलवण्याचं साधन घेऊन प्रत्येकाला आपापल्या घरात न्या. रेघेजवळ गेला की फोटो आपोआप चिकटतो.

६. अक्षराचं साधन घेऊन खाली नावं लिहा. युनिकोड देवनागरी फॉन्ट घ्या. मी ४० पॉइंट ठेवले, म्हणजे साधारण १४ मिलिमीटर. पलंगावरून वाचता येतात.

७. काम एक्ससीएफ या जिम्पच्या स्वतःच्या प्रकारात जतन करा, म्हणजे पुढे एखादा फोटो बदलायचा झाला तर सगळं पुन्हा करावं लागत नाही. छपाईसाठी पीडीएफ काढा आणि दुकानात ठणकावून सांगा, "ॲक्चुअल साइज, शंभर टक्के." छापून आलं की तिथेच पट्टी लावा. फोटो ७० मिलिमीटर भरला पाहिजे. कमी भरला तर पुन्हा छापून घ्या, संकोच करू नका.

कागद या वेळी मॅट घेतला आणि लॅमिनेशन मुद्दाम टाळलं, कारण त्यानेही चकाकी येते. मागे फक्त जाड पुठ्ठा चिकटवला.

आणि फोटो? ते आईने निवडले. तिने कपाटातला जुना अल्बम काढला, काळ्या पानांचा, मध्ये बटरपेपर असलेला. आजोबा पस्तिशीतले. मामा मुंजीतला, डोक्याचा गोटा केलेला. दोघी मावश्या दोन वेण्यांमध्ये. आजीची स्वतःची आई. आणि स्टुडिओतल्या प्लायवूडच्या मोटारीत बसलेली, सहा वर्षांची माझी आई. खाली नावंही घरातलीच घातली. आईच्या फोटोखाली 'चिमू'.

मी म्हटलं, "अगं, पण यातून ती तुला आत्ताची कशी ओळखणार?"

आई म्हणाली, "मला नको ओळखू दे. चिमूला ओळखलं तरी पुरे."

गेल्या महिन्यात आई तो पुठ्ठा घेऊन इंदूरला गेली. आजीने तो मांडीवर घेतला. आजोबांवरून बोट फिरवलं, स्वतःच्या आईला नमस्कार केला. मग मोटारीतल्या मुलीपाशी थांबली आणि हसली. "ही चिमू. फोटो झाला तरी मोटारीतून उतरायला तयार नाही! यांनी शेवटी उचलून आणली."

आईने विचारलं, "आणि मी कोण?"

आजीने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही आमच्या चिमूसारख्या दिसता हो."

रात्री फोनवर हे सांगताना आईचा आवाज छान होता. आता तो पुठ्ठा पलंगासमोर आहे. मामी रोज दुपारी आजीला एकेका फोटोची गोष्ट विचारते. गोष्टी रोज थोड्या बदलतात म्हणे, पण माणसं तीच असतात.

तुमच्या घरीही असा अल्बम असेलच. ज्यांना त्यातली माणसं आणि नावं ठाऊक आहेत ते घरात आहेत तोवर स्कॅन करून घ्या, आणि कोण कोण आहे तेही विचारून लिहून ठेवा. पुढच्या अंकात हे स्कॅन केलेले फोटो नीट नावं देऊन कसे साठवायचे ते पाहू. तोवर एक पान करून बघा, आणि कुठे अडलात तर नेहमीप्रमाणे कळवा.